विश्लेषण : जगाचे बियाणे जपणाऱ्या शास्त्रज्ञाचा भूकबळी का गेला? कोण होते निकोलाय वाव्हिलोव?

दुष्काळ, युद्ध किंवा रोगराईने एखादे पीक नष्ट झाले तर पुढच्या हंगामात पेरायचे काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून आज जगभर बियाणे बँका उभ्या आहेत. या कल्पनेला शास्त्रीय पाया देणाऱ्यांत निकोलाय वाव्हिलोव या रशियन शास्त्रज्ञाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांनी पाच खंडांतून बियाणे गोळा केले. त्यांचे सहकारी धान्याच्या पोत्यांशेजारी उपाशी मेले, पण त्यांनी बियाण्याला हात लावला नाही. खुद्द वाव्हिलोव मात्र आपल्याच देशाच्या तुरुंगात अन्नावाचून गेले. त्यांचे आयुष्य, त्यांचे काम आणि त्याचा आजच्या शेतीशी असलेला संबंध समजून घेऊया.

दुष्काळाशी त्यांचे नाते काय?

वाव्हिलोव यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्कोत झाला. वडील कापडाचे व्यापारी. घरात सुबत्ता होती, पण वडिलांचे बालपण खेड्यातल्या गरिबीत गेले होते. पीक बुडाले की घरात अन्न मोजून मिळत असे, याच्या आठवणी त्या घरात ताज्या होत्या. वाव्हिलोव चार वर्षांचे असताना, १८९१-९२ मध्ये रशियात भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसे दगावली. त्यांचे धाकटे भाऊ सर्गेई हेही पुढे नामवंत शास्त्रज्ञ झाले. त्यांनी भौतिकशास्त्र निवडले, निकोलाय यांनी शेती.

मॉस्कोच्या कृषी संस्थेतून पदवी घेतल्यानंतर १९१३-१४ मध्ये ते युरोपात गेले. इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांच्याकडे त्यांनी काम केले. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम तेव्हा नुकतेच नव्याने प्रकाशात आले होते. वनस्पतीचे गुण एका पिढीतून पुढच्या पिढीत ठरावीक नियमांनी जातात, हे कळल्यावर हवे ते गुण असलेले वाण जाणीवपूर्वक तयार करता येईल, अशी आशा निर्माण झाली. रोगाला दाद न देणारा किंवा थंडीत तग धरणारा गहू घडवायचा तर आधी तसे गुण असलेला गहू कुठे तरी सापडायला हवा. त्या शोधाला वाव्हिलोव यांनी पुढची पंचवीस वर्षे दिली.

बियाण्यांचा शोध कसा सुरू झाला?

निमित्त पहिल्या महायुद्धाचे होते. १९१६ मध्ये इराणमध्ये तैनात असलेले रशियन सैनिक पाव खाऊन गुंगल्यासारखे होत होते. कारण शोधण्यासाठी वाव्हिलोव यांना पाठवण्यात आले. गव्हात मिसळलेल्या एका विषारी तणाचे बी हे त्याचे कारण असल्याचे त्यांनी दाखवले. काम संपल्यावर परतण्याऐवजी ते पुढे पामीरच्या डोंगरांत शिरले.

तिथे त्यांना एक गोष्ट दिसली. खालच्या भागात गव्हाच्या शेतात राय नावाचे धान्य तण म्हणून उगवत होते. जसजसे वर जावे तसतसा थंडीने गहू विरळ होत होता आणि राय वाढत होती. आणखी वरच्या शेतांत शेतकरी रायचेच पीक घेत होते. म्हणजे थंड प्रदेशांतील लोकांचे मुख्य अन्न असलेले हे धान्य मुळात गव्हातले तण होते. निसर्गाने आणि शेतकऱ्याने मिळून त्याचे पीक केले. एखाद्या पिकाचा इतिहास वाचायचा असेल तर शेतात जायला हवे, हा धडा वाव्हिलोव यांनी इथून घेतला.

१९१७ मध्ये ते व्होल्गा नदीकाठच्या सारातोव्ह शहरात प्राध्यापक झाले. १९२० मध्ये त्यांनी एक नियम मांडला. जवळच्या नात्यातील वनस्पतींमध्ये सारखेच बदल आढळतात, असा तो नियम. गव्हात कुसळ असलेले आणि नसलेले असे दोन्ही प्रकार असतील, तर बार्लीतही ते सापडण्याची शक्यता धरून शोध घेता येतो. कुठे काय शोधावे याचा एक नकाशाच त्यामुळे हाती आला.

‘उगमस्थाने’ हा सिद्धान्त काय आहे?

१९२१ मध्ये वाव्हिलोव पेट्रोग्राडला, म्हणजे पुढच्या लेनिनग्राडला गेले आणि तिथल्या उपयोजित वनस्पतिशास्त्राच्या संस्थेची सूत्रे त्यांनी हाती घेतली. त्याच वर्षी व्होल्गा खोऱ्यात पुन्हा दुष्काळ पडला. देशाला नव्या वाणांची गरज किती तातडीची आहे, हे डोळ्यांसमोर होते.

१९२४ मध्ये ते घोड्यांच्या काफिल्यासह अफगाणिस्तानात फिरले. १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राभोवतीचे देश आणि इथिओपिया, १९२९ मध्ये चीनचा पश्चिम भाग, जपान, तैवान, कोरिया आणि पुढे उत्तर, मध्य व दक्षिण अमेरिका असा त्यांचा प्रवास झाला. बाजारात, खळ्यावर, शेताच्या बांधावर जिथे वेगळे बी दिसे तिथून ते मूठभर उचलत, पुडीत बांधत, ठिकाण आणि उंची लिहीत आणि लेनिनग्राडला पाठवत. ते रात्री जेमतेम चार-पाच तास झोपत, असे सहकारी सांगत.

या भटकंतीतून १९२६ मध्ये त्यांचा सर्वांत गाजलेला सिद्धान्त प्रसिद्ध झाला. माणसाने पिकवलेल्या वनस्पती पृथ्वीवर सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नाहीत. काही मोजक्या, बहुधा डोंगराळ प्रदेशांत एकेका पिकाचे असंख्य प्रकार आढळतात. तिथेच त्या पिकाचा उगम झाला असावा आणि त्याचे रानटी नातलगही तिथेच सापडतील, असा त्यांचा तर्क होता. उगम आणि विविधता यांची ठिकाणे नेहमी एकच नसतात, असे पुढच्या संशोधकांनी दाखवले. तरी पिकांची विविधता कुठे एकवटली आहे याचा त्यांनी काढलेला नकाशा आजही वापरात आहे. कझाकस्तानातील अल्माटीच्या डोंगरांतील रानसफरचंदे पाहून आपल्या सफरचंदाचे मूळ इथे असावे, असे त्यांनी म्हटले होते. जनुकीय तपासणीने ते पुढे खरे ठरले.

भारताचा या नकाशाशी संबंध काय?

भारतीय उपखंड हे वाव्हिलोव यांच्या उगमस्थानांपैकी एक. तांदूळ, ऊस, तूर, मूग, वांगी, काकडी, आंबा यांची विविधता त्यांनी या केंद्राशी जोडली. त्यातील तांदळाची कहाणी चीनपर्यंत जाते, असे आता मानले जाते. तूर आणि वांग्याचे नाते मात्र आजही भारताशी सांगितले जाते.

महाराष्ट्राच्या ताटाकडे या नजरेने पाहिले तर गंमत वाटते. भाकरीची ज्वारी आफ्रिकेतून आली. मिरची, मका, बटाटा, टोमॅटो आणि भुईमूग हे सारे अमेरिकेतले. पिठले-भाकरीला ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी लावली की दोन-तीन खंड एका ताटात येतात. या पिकांवर नवा रोग आला तर त्याला तोंड देणारा गुण त्यांच्या मूळ प्रदेशातील एखाद्या दुर्लक्षित वाणात सापडण्याची शक्यता मोठी असते. म्हणूनच एका देशाचे पीक दुसऱ्या देशाच्या बियाण्यावर अवलंबून असते.

संग्रह केवढा होता आणि तो जपणे अवघड का होते?

१९४० पर्यंत लेनिनग्राडच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले होते. एवढा मोठा संग्रह तेव्हा जगात दुसरीकडे नव्हता.

बी निर्जीव दिसत असले तरी ते जिवंत असते. ते अगदी मंद गतीने श्वास घेते आणि साठवलेली ऊर्जा खर्च करते. ओलावा आणि उष्णता जितकी जास्त, तितका हा खर्च वेगाने होतो आणि उगवणशक्ती संपते. बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने कमी केला तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरवले तरीही तेवढाच फायदा होतो, असा ढोबळ नियम पुढे रूढ झाला.

वाव्हिलोव यांच्या काळात आजच्यासारखी शीतगृहे नव्हती. बियाणे पत्र्याच्या डब्यांत, साध्या खोल्यांत ठेवले जाई. त्यामुळे प्रत्येक नमुना काही वर्षांनी शेतात पेरून, ताजे बी काढून पुन्हा डब्यात भरावा लागे. त्यासाठी देशाच्या वेगवेगळ्या हवामानांत प्रयोग केंद्रे होती. बटाट्याचे तर बी नव्हे, कंद जपावे लागत आणि ते दरवर्षी लावावे लागत. एक हंगाम चुकला की वाण कायमचे गेले, अशी स्थिती होती.

सत्तेशी संघर्ष का झाला?

सुरुवातीला वाव्हिलोव सरकारचे लाडके होते. १९२६ मध्ये त्यांना लेनिन पुरस्कार मिळाला. १९२९ मध्ये ते राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचे पहिले अध्यक्ष झाले. पण त्याच सुमारास स्टालिन यांनी शेतीचे सक्तीने सामूहिकीकरण सुरू केले. शेती कोसळली आणि १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली. सरकारला झटपट उपाय हवा होता. नवे वाण तयार करायला दहा-बारा वर्षे लागतात, ती तीन-चार वर्षांवर आणा, असा आदेश निघाला.

याच वेळी त्रोफिम लिसेंको हा तरुण कृषितज्ज्ञ पुढे आला. थंडीत पेरायच्या गव्हाचे बी भिजवून गार ठेवले तर ते वसंतात पेरूनही पीक येते, या प्रयोगाने त्याला प्रसिद्धी मिळाली. वाव्हिलोव यांनी त्याला सुरुवातीला प्रोत्साहनच दिले. पण लिसेंको पुढे जनुकांचे अस्तित्वच नाकारू लागला. परिस्थिती बदलून वनस्पतीचा स्वभाव बदलता येतो आणि तो पुढच्या पिढीत उतरतो, असा त्याचा दावा होता. हा दावा सत्तेच्या विचारसरणीला सोयीचा होता. लिसेंको शेतकऱ्याच्या घरातला, तर वाव्हिलोव व्यापाऱ्याच्या घरातले, परदेशी मित्र असलेले. संशयासाठी तेवढे पुरेसे होते.

१९३५ मध्ये वाव्हिलोव यांचे अध्यक्षपद गेले. १९३७ मध्ये मॉस्कोत होणारी आनुवंशिकतेची जागतिक परिषद रद्द झाली. ती १९३९ मध्ये एडिनबर्गला भरली तेव्हा अध्यक्ष म्हणून वाव्हिलोव यांची निवड झाली होती. त्यांना देश सोडू दिला गेला नाही. १९३८ मध्ये लिसेंको अकादमीचा अध्यक्ष, म्हणजे त्यांचाच वरिष्ठ झाला. एकामागून एक सहकारी पकडले जात होते. गप्प बसून जीव वाचवण्याचा मार्ग वाव्हिलोव यांच्यापुढे होता. त्यांनी आपले मत जाहीरपणे मांडणे सोडले नाही.

अटक आणि शेवट कसा झाला?

६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये बियाणे गोळा करण्याच्या मोहिमेवर असताना त्यांना गाडीत बसवून नेण्यात आले. मॉस्कोच्या तुरुंगात महिनोन्‌महिने चौकशी चालली. हेरगिरी आणि शेतीचा घातपात केल्याचे आरोप त्यांच्यावर ठेवले गेले. ९ जुलै १९४१ रोजी काही मिनिटांच्या सुनावणीत त्यांना मृत्युदंड सुनावला गेला. पुढे ती शिक्षा वीस वर्षांच्या कैदेत बदलली.

जर्मन सैन्य मॉस्कोजवळ आल्यावर कैद्यांना हलवण्यात आले. वाव्हिलोव यांना नेले ते सारातोव्हला, जिथे त्यांनी प्राध्यापक म्हणून कारकीर्द सुरू केली होती. खिडकीही नसलेल्या कोठडीत ते सहकैद्यांना शेतीच्या इतिहासावर व्याख्याने देत, असे सुटलेल्या कैद्याने नंतर सांगितले. तुरुंगात त्यांनी जागतिक शेतीच्या इतिहासावर पुस्तक लिहिले होते. ते हस्तलिखित नष्ट झाले.

मसुरावर संशोधन करणाऱ्या त्यांच्या पत्नी येलेना बारुलिना आणि मुलगा युरी हेही युद्धामुळे लेनिनग्राड सोडून सारातोव्हलाच आले होते. पती याच शहरात आहेत, हे येलेना यांना ठाऊक नव्हते. त्या अन्नाची पार्सले मॉस्कोला पाठवत राहिल्या. १९४२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने वाव्हिलोव यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले. ते जिवंत आहेत की नाहीत, हे बाहेरच्या जगाला माहीत नव्हते. २६ जानेवारी १९४३ रोजी कुपोषणाने खंगून त्यांचा मृत्यू झाला. वय ५५ होते.

लेनिनग्राडच्या वेढ्यात बियाण्याचे काय झाले?

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. तो जानेवारी १९४४ पर्यंत चालला. त्याआधी हर्मिटाज संग्रहालयातील लाखो कलावस्तू रेल्वेने सुरक्षित ठिकाणी हलवल्या गेल्या होत्या. बियाण्याचा मोठा भाग मात्र सेंट आयझॅक चौकातील संस्थेतच राहिला.

पहिल्या हिवाळ्यात नोकरी नसलेल्या नागरिकाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, तोही भेसळीचा. इमारतीत वीज नव्हती, शेकोटी नव्हती. कर्मचाऱ्यांनी बियाण्याचे डबे मोजके खोल्यांत ठेवले, दारे बंद केली आणि पाळीपाळीने पहारा दिला. उंदीर डबे पाडून दाणे खात होते. बटाट्याचे कंद गोठू नयेत म्हणून हाती लागेल ते लाकूड जाळावे लागत होते. खोलीत एकट्याने जाऊ नये, असा नियम होता.

तांदळाचे अभ्यासक दिमित्री इव्हानोव्ह भुकेने मेले, तेव्हा त्यांच्या ताब्यात तांदळाच्या हजारो पुड्या होत्या. भुईमुगाचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन कामाच्या टेबलापाशीच गेले. ओटची जबाबदारी असलेल्या लिडिया रोडिना याही वाचल्या नाहीत. त्यांच्यासारखे आणखी काही जण गेले. संग्रहातले धान्य शिजवले गेले नाही. ज्या संचालकाचा संग्रह ते राखत होते तो कुठे आहे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. १९४२ च्या वसंतात वाचलेले कंद शहराच्या मोकळ्या जागांत लावले गेले. काही नमुने गोठलेल्या लाडोगा सरोवरावरून बाहेर काढून उरल भागात पाठवण्यात आले.

हे बरोबर होते का, असा प्रश्न आजही विचारला जातो. आजूबाजूला मुले मरत असताना टनावारी धान्य बंद ठेवणे कितपत न्याय्य? लाखोंच्या शहराला तो साठा फार दिवस पुरला नसता, हे खरे. पण एका कुटुंबाला पुरला असता, हेही खरे. वेढा उठल्यावर उद्ध्वस्त देशात शेती पुन्हा उभी करायला बियाणे लागेल, या विचाराने त्या माणसांनी निर्णय घेतला आणि त्याची किंमत स्वतः मोजली.

वाव्हिलोव यांना न्याय मिळाला का?

१९४८ मध्ये सोव्हिएत संघात जनुकशास्त्रावर बंदीच आली. १९५५ मध्ये वाव्हिलोव यांच्यावरील आरोप रद्द करण्यात आले. लिसेंको याचा प्रभाव १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकला. त्याच दशकात लेनिनग्राडच्या संस्थेला वाव्हिलोव यांचे नाव मिळाले. संकट मात्र संपले नव्हते. संस्थेच्या पाव्हलोव्हस्क केंद्रात फळझाडांचा मोठा संग्रह आहे. २०१० मध्ये ती जमीन घरबांधणीसाठी देण्याचा घाट घातला गेला. जगभरातून विरोध झाल्यावर तो थांबला.

आज बियाणे कसे जपले जाते?

२००८ मध्ये नॉर्वेतील स्वालबार्ड बेटावर जागतिक बियाणे तिजोरी सुरू झाली. तिथे बर्फाळ डोंगरात उणे १८ अंशांवर बारा लाखांहून अधिक नमुने आहेत. सीरियातील युद्धात अलेप्पोजवळची बियाणे बँक हातची गेली, तेव्हा २०१५ मध्ये याच तिजोरीतून बियाणे परत घेऊन ते लेबनॉन आणि मोरोक्कोत वाढवण्यात आले. भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे चार लाखांहून अधिक नमुने आहेत. त्याचे एक प्रादेशिक केंद्र अकोल्यात आहे. आंबा, फणस, नारळ यांचे बी वाळवले की मरते. म्हणून त्यांच्या बागाच जपाव्या लागतात.

बँकेइतकेच महत्त्व शेतकऱ्याच्या घरालाही आहे. पूर्वी घरोघरी बियाणे कडक वाळवून, राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून, कणगीत किंवा मडक्यात ठेवून तोंड शेणामातीने लिंपले जाई. ओलावा आणि किडे दूर ठेवण्याचे तत्त्व तेच. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभारली आणि त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली.

घरचे बियाणे वापरायचे असेल तर ते नीट वाळवून, कोरड्या आणि थंड जागी ठेवावे. पेरणीपूर्वी उगवण तपासावी. सोयाबीनसारखे नाजूक बी तर तपासल्याशिवाय पेरूच नये. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत ठेवून गुंडाळावे, पाणी शिंपडत राहावे आणि आठवडाभराने मोड मोजावेत. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरणीयोग्य समजावे. त्याहून कमी उगवले तर पेरणीआधीच दुसऱ्या बियाण्याची सोय करावी. पावसाची वेळ हातात नसते, पण ही तपासणी नक्की हातात असते.